नव्वद टक्के कुणाचे? रॅफल, मतपत्रिका आणि मंडळाचा हिशेब

गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमांची आखणी सुरू झाली की अमेरिकेतल्या मराठी मंडळांकडून रॅफलबद्दल, म्हणजे तिकिटं विकून सोडतीने बक्षीस देण्याबद्दल, विचारणा होते. यंदा आलेले बहुतेक प्रश्न कॅलिफोर्नियातले आहेत, म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे. दुसऱ्या राज्यांच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं. हा कायदा राज्यागणिक बदलतो आणि शेजारच्या राज्यातल्या मंडळाचा अनुभव इथे पुरावा म्हणून चालत नाही.

प्रश्न (सनीव्हेल): कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००० साली रॅफलला मान्यता दिली, असं आमच्या कार्यकारिणीत नेहमी सांगितलं जातं. मग नोंदणी, अहवाल, टक्केवारी हे सगळं कशासाठी?

उत्तर: कारण मतदारांनी रॅफल सरसकट खुलं केलं नाही. ते खुलं करण्याचा अधिकार त्यांनी विधिमंडळाला दिला, आणि तोही दोन अटींवर.

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतल्या चौथ्या अनुच्छेदाचं एकोणिसावं कलम मुळात लॉटरीला बंदी घालतं. पैसे द्यायचे, नशिबावर निकाल लागायचा आणि बक्षीस मिळायचं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कायद्याच्या भाषेत ती लॉटरी होते. मग ती देवळासाठी असो की शाळेसाठी. विधिमंडळालाही ही बंदी परस्पर उठवता येत नाही. म्हणून प्रत्येक सवलतीसाठी घटनादुरुस्ती मतदारांपुढे न्यावी लागली. धर्मादाय बिंगोची १९७६ साली आली, सरकारी लॉटरीची १९८४ साली, आणि संस्थांच्या रॅफलची ७ मार्च २००० रोजी, ‘प्रस्ताव १७’ या नावाने. आदिवासी जमातींच्या कॅसिनोंचा ‘प्रस्ताव १ए’ त्याच मतपत्रिकेवर होता आणि सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरली. म्हणून रॅफलच्या प्रस्तावाच्या अटी आजही फार थोड्यांना ठाऊक आहेत.

पहिली अट अशी की रॅफलच्या एकूण गल्ल्यातले किमान ९० टक्के पैसे थेट कॅलिफोर्नियातल्या लोकोपयोगी किंवा धर्मादाय कामासाठी गेले पाहिजेत. दुसरी अट अशी की रॅफलच्या कामाबद्दल कुणाला मोबदला द्यायचाच असेल, तर तो माणूस त्या संस्थेचाच नोकर असला पाहिजे. कमिशनवर तिकिटं खपवणारी बाहेरची कंपनी चालत नाही. बाकीचा तपशील विधिमंडळाने दंडसंहितेच्या कलम ३२०.५ मध्ये घातला आणि तो १ जुलै २००१ पासून लागू झाला. मतदारांच्या ‘हो’ नंतर प्रत्यक्ष कायदा यायला असा सव्वा वर्षाहून अधिक काळ गेला.

नोंदणीबद्दल थोडक्यात. संस्थेला कॅलिफोर्नियात कामकाजाची परवानगी मिळून किमान एक वर्ष झालेलं असावं. राज्याच्या करातून सूट मिळालेली असावी, आणि बरीच मंडळं नेमकी इथेच अडतात. केंद्रीय ५०१(सी)(३) चं, म्हणजे धर्मादाय संस्था म्हणून केंद्रीय करातून सूट दिल्याचं पत्र हातात असतं, पण राज्याच्या करखात्याकडे, म्हणजे फ्रँचाइज टॅक्स बोर्डाकडे, ३५००ए हा अर्ज कुणी केलेलाच नसतो. त्यानंतर ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातल्या धर्मादाय नोंदणी विभागाकडे ‘सीटी-एनआरपी-१’ हा रॅफलचा अर्ज दरवर्षी करायचा आणि रॅफल झाल्यावर ‘सीटी-एनआरपी-२’ अहवाल द्यायचा. त्याआधी याच विभागात मंडळाची मूळ नोंद चालू स्थितीत आहे ना, हे संकेतस्थळावर शोधून खात्री करून घ्या. मागच्या खजिनदाराने एखादा वार्षिक अहवाल भरलेला नसेल, तर नोंद ‘थकित’ दिसते आणि अशा संस्थेला रॅफलची नोंदणी मिळत नाही. हे निस्तरायला वेळ लागतो. निदान दोन महिने हाताशी ठेवा आणि नोंदणी मिळाल्याचं कळेपर्यंत एकही तिकीट विकू नका.

प्रश्न (फ्रीमाँट): ५ डॉलरचं एक अशी ६०० तिकिटं. पहिलं बक्षीस ९०० डॉलरचा टॅबलेट, छपाईला १२० डॉलर. ३,००० मधून १,०२० वजा जाता १,९८० उरतात, आणि ते सगळेच्या सगळे आम्ही इथल्या फूड बँकेला देणार आहोत. हे ९० टक्क्यांच्या नियमात बसतं ना? उरलेल्या पैशाचे तर शंभर टक्के जात आहेत.

उत्तर: बसत नाही. हेतू चांगला असूनही सर्वांत जास्त मंडळं याच हिशेबात चुकतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

९० टक्के काढायचे ते तिकीटविक्रीच्या एकूण रकमेवर, खर्च वजा करून उरलेल्या पैशावर नव्हे. तुमचा गल्ला ३,००० डॉलर. त्यातले २,७०० धर्मादाय कामाला गेलेच पाहिजेत. बक्षीस, छपाई, टपाल, क्रेडिट कार्डाचं शुल्क, सोडतीच्या चिठ्ठ्या टाकायच्या ड्रमचं भाडं हे सगळं मिळून उरलेल्या ३०० डॉलरमध्ये बसायला हवं. तुमच्या आराखड्यात फूड बँकेला १,९८० मिळतात, म्हणजे ६६ टक्के. ७२० डॉलर कमी पडतात.

आणि ३०० हा आकडासुद्धा सगळी तिकिटं खपली तरच खरा. निम्मीच खपली तर गल्ला १,५०० चा आणि खर्चाची मुभा १५० ची. छपाईचे १२० तर आधीच गेलेले असतात. म्हणून खर्चाची मर्यादा नेहमी सर्वांत कमी विक्रीच्या अंदाजावर ठरवावी. बक्षीस आणि छपाईचे १,०२० डॉलर रॅफलच्याच पैशातून काढायचे झाले तर तुम्हाला १०,२०० डॉलरची, म्हणजे २,०४० तिकिटांची विक्री लागेल. तीनशे कुटुंबांच्या मंडळाला ते झेपणारं नाही.

मार्ग दोन आहेत आणि दोन्ही कायद्याला मान्य आहेत. पहिला, बक्षीस देणगीत मिळवा. सोनार, ट्रॅव्हल एजंट, घरविक्रीचा दलाल, उपाहारगृह असे जे लोक तुमच्या स्मरणिकेत जाहिरात देतात, त्यांच्याकडे रोख रकमेऐवजी बक्षीसच मागा. दुसरा, बक्षीस आणि छपाई मंडळाच्या दुसऱ्या उत्पन्नातून करा. वर्गणी, कार्यक्रमाची प्रवेश तिकिटं, खाद्यपदार्थांचे स्टॉल यांतून आलेले पैसे रॅफलच्या खर्चाला वापरायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र तो खर्च कुठून केला हे कागदावर दिसलं पाहिजे. कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव करा, इतिवृत्तात रक्कम लिहा आणि चेक सर्वसाधारण खात्यातून काढा. रॅफलचा गल्ला वेगळ्या पाकिटात मोजून वेगळ्या स्लिपवर बँकेत भरा. वडापावच्या स्टॉलचे पैसे आणि रॅफलचे पैसे एकाच डब्यात पडले की सहा महिन्यांनी अहवाल भरताना खजिनदाराला अंदाजावर आकडे लिहावे लागतात, आणि असा अहवाल सहीनिशी देणं धोक्याचं आहे.

अशा रीतीने बक्षीस देणगीतून आणि छपाई वर्गणीतून झाली, तर पूर्ण ३,००० डॉलर फूड बँकेला देता येतील. मात्र एक पाहा. रॅफलचे पैसे दुसऱ्या संस्थेला द्यायचे असतील, तर तीही खासगी ना-नफा आणि याच कलमाखाली पात्र असलेली संस्था हवी.

प्रश्न (इर्व्हाईन): रॅफलचे पैसे महाराष्ट्रातल्या पूरग्रस्तांसाठी पाठवायचं ठरतंय. तिकिटावर तसं छापलं तर?

उत्तर: छापू नका आणि पाठवूही नका. रॅफलचा पैसा कॅलिफोर्नियाबाहेरच्या कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही. घटनादुरुस्तीत ‘कॅलिफोर्नियातल्या’ हा शब्द आहे आणि कलम ३२०.५ मध्ये तेच आणखी स्पष्ट करून सांगितलं आहे. कोकणातल्या किंवा सांगली-कोल्हापूरच्या पुरासाठी लोकांचा जीव तुटतो हे आम्हालाही कळतं, पण त्यासाठी वेगळं देणगीपात्र ठेवा. थेट देणगीवर या कलमाचं बंधन नाही. ती परदेशी पाठवताना लागणारे नियम निराळे आहेत. एकाच कार्यक्रमात रॅफल इथल्या निवारागृहासाठी आणि देणगीपेटी पूरग्रस्तांसाठी, असं करता येतं. दोन्हींच्या पाट्या आणि डबे मात्र वेगळे असू द्या.

दुसरी मनाई याहून जास्त वेळा मोडली जाते. संस्थेचे पदाधिकारी, संचालक किंवा सभासद यांच्याच फायद्याचं काम ‘लोकोपयोगी’ धरलं जात नाही. इथे सभासद म्हणजे मंडळाच्या घटनेनुसार निवडणुकीत मत देण्याचा हक्क असलेले. तेव्हा सभासदांसाठीच्या दिवाळीच्या जेवणाचा तोटा रॅफलच्या पैशाने भरून काढणं चुकीचं आहे. सर्वांना प्रवेश असलेल्या मराठी शाळेची पुस्तकं, इथल्या कॉलेजातल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती, फूड बँक, अशा कामांना पैसे देता येतात.

प्रश्न (सॅन डिएगो): तिकिटं गूगल फॉर्मवर विकायची आणि एक्सेलमधून यादृच्छिक क्रमांक काढून विजेता जाहीर करायचा. यात कागद वाचेल आणि गोंधळही टळेल. हरकत आहे का?

उत्तर: दोन्हीला हरकत आहे. तिकीट कागदाचंच हवं आणि इंटरनेटवर विकता येत नाही. रॅफलची जाहिरात मात्र इंटरनेटवर करता येते. प्रत्येक तिकिटाला फाडून घेता येईल असा अर्धा भाग हवा, दोन्ही भागांवर सारखाच, पण दुसऱ्या कुठल्याही तिकिटावर नसलेला क्रमांक हवा, आणि विजेता त्या फाडलेल्या भागांतूनच काढायला हवा. सोडत कॅलिफोर्नियातच, अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हायला हवी. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढलीत तर चालेल, पण जबाबदार प्रौढ माणूस शेजारी उभा असू द्या. झेल (Zelle) किंवा पैसे पाठवण्याच्या तत्सम ॲपवर पैसे घेऊन ‘तिकीट नंतर देतो’ म्हणणं हे ऑनलाइन विक्रीच्या फार जवळ जातं. आमचा सल्ला असा की पैसे घ्या त्याच क्षणी तिकीट हातात द्या, शक्यतो रोख किंवा चेक घेऊन. तिकिटं टपालाने दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांना पाठवू नका. लॉटरीची तिकिटं टपालात टाकण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि संस्थांना त्यात मिळालेली सूट जाहिरातीपुरती आहे.

गोंधळ टाळायचा असेल तर तो मोजणीत टाळा. २० तिकिटांची एक अशी ३० पुस्तकं छापा. पहिल्या तिकिटाचा आणि शेवटच्या तिकिटाचा क्रमांक लिहून प्रत्येक स्वयंसेवकाकडून सही घ्या. सोडतीच्या तासभर आधी विक्री थांबवा आणि सगळी पुस्तकं परत मागवा, न खपलेलीसुद्धा. मग तीन आकडे जुळवायचे: दिलेली तिकिटं वजा परत आलेली तिकिटं, ड्रममधले फाडलेले भाग, आणि रोख रक्कम भागिले तिकिटाची किंमत. ६०० पैकी १२० परत आली तर ड्रममध्ये ४८० हवेत आणि डब्यात २,४०० डॉलर. एकही आकडा चुकला तर सोडत थांबवून कारण शोधा. बहुतेकदा एखाद्याच्या पर्समध्ये राहिलेलं पुस्तक सापडतं. ते तसंच राहून सोडत झाली, तर पैसे दिलेल्या वीस जणांना संधीच मिळालेली नसते आणि त्यांना द्यायला उत्तर नसतं. याच्या उलट, न विकलेल्या तिकिटांचे भाग ड्रममध्ये गेले की मालक नसलेला क्रमांक निघतो.

‘एक ५ ला, पाच २० ला’ अशी सवलत दिली की रोख रकमेचा भागाकार जुळत नाही. सवलत द्यायचीच असेल तर त्यासाठी वेगळ्या रंगाची पुस्तकं काढा आणि प्रत्येक रंगाचा हिशेब वेगळा ठेवा. क्रमांक मात्र दोन्ही रंगांत मिळून एकच सलग मालिका असावी. विजेत्याने हजर असलं पाहिजे की नाही, बक्षीस किती दिवसांत न्यायचं आणि न नेल्यास दुसरी चिठ्ठी काढणार का, हे तिकिटावरच छापा. रंगमंचावर आयत्या वेळी ठरवलेला नियम कुणालाही रुचत नाही.

प्रश्न (सॅन होजे): ‘फिफ्टी-फिफ्टी’, म्हणजे अर्धा गल्ला विजेत्याला आणि अर्धा मंडळाला? स्टेडियममध्ये तर असंच चालतं.

उत्तर: तुम्हाला चालणार नाही. निम्मे पैसे बक्षिसात गेल्यावर ९० टक्के कुठून येणार? स्टेडियममधली गोष्ट वेगळी आहे. प्रस्ताव १७ मध्येच एक वाक्य होतं, की दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि गव्हर्नरची सही असेल तर विधिमंडळ ही टक्केवारी बदलू शकतं. त्याच वाटेने २०१५ साली मोठ्या व्यावसायिक क्रीडासंघांशी जोडलेल्या धर्मादाय संस्थांसाठी कलम ३२०.६ आलं. त्यात अर्ध्या-अर्ध्या वाटणीला परवानगी आहे. ती बाकी कुणालाही नाही.

प्रश्न (क्युपर्टिनो): कोजागरीला हाऊसी ठेवतो, तिकीट ५ डॉलर, विजेत्यांना रोख. ही रॅफल नाही, मग नियम लागत नाहीत ना?

उत्तर: रॅफल नाही, पण बिंगो आहे. तिकिटावरचे आकडे आणि पुकारलेले आकडे जुळवायचा खेळ, त्यासाठी पैसे आणि जिंकल्यास बक्षीस असं असलं की दंडसंहितेचं कलम ३२६.५ लागतं. १९७६ च्या घटनादुरुस्तीने बिंगोचा निर्णय शहरांवर आणि कौंटींवर सोपवला आहे. त्यामुळे आधी तुमच्या शहराचा बिंगोबद्दलचा वटहुकूम (ऑर्डिनन्स, म्हणजे शहराने केलेला स्थानिक कायदा) आहे का आणि परवाना कसा मिळतो हे नगरपालिकेत विचारा. वटहुकूमच नसेल तर खेळता येणार नाही. वटहुकूम असला तरी खेळ सर्वांना खुला हवा, फक्त सभासदांना नव्हे. अठरा वर्षांखालच्यांना भाग घेता येत नाही, आणि कोजागरीला मुलंच पुढे बसलेली असतात. एका डावाचं बक्षीस ५०० डॉलरपेक्षा जास्त नको, नफा वेगळ्या खात्यात हवा आणि खेळ चालवणाऱ्यांना मोबदला नको.

सोपा उपाय असा: हाऊसीचे पैसेच घेऊ नका. तिकीट फुकट वाटा आणि बक्षिसं प्रायोजकाकडून घ्या.

पोकर किंवा ‘कॅसिनो नाईट’ला तर तिसराच कायदा लागतो. वर्षातून एकदाच, जास्तीत जास्त पाच तास आणि रोख बक्षीस नाही. त्याची नोंदणीही वेगळ्या खात्याकडे असते.

प्रश्न (सॅक्रामेंटो): एका प्रायोजकाने २०,००० डॉलरची गाडी देऊ केली आहे, तिकीट ५० डॉलर. करासाठी मंडळाने काय करायचं?

उत्तर: गाडी स्वीकारण्यापूर्वीच हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत.

रॅफलच्या तिकिटाची रक्कम देणगी म्हणून करवजावटीला पात्र नाही. तेव्हा तिकिटावर किंवा पावतीवर ‘करसवलतीस पात्र’ असं छापू नका. बक्षीस तिकिटाच्या किमान ३०० पट आणि ठरलेल्या रकमेएवढं किंवा त्याहून मोठं असेल, तर विजेत्याच्या नावे डब्ल्यू-२जी, म्हणजे जिंकलेल्या रकमेची केंद्रीय आयकर खात्याला माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो. २०२५ पर्यंतच्या सोडतींसाठी ती रक्कम ६०० डॉलर होती. पुढच्या सोडतीसाठी त्या वर्षीच्या फॉर्मच्या सूचना वाचा. तुमची गाडी तिकिटाच्या ४०० पट आहे, म्हणजे फॉर्म भरावाच लागेल.

खरी अडचण पुढे आहे. तिकिटाची किंमत वजा करून बक्षीस ५,००० डॉलरच्या वर असेल, तर २४ टक्के आयकर मंडळाने कापून भरायचा असतो. इथे १९,९५० वर २४ टक्के म्हणजे ४,७८८ डॉलर. गाडीतून कर कापता येत नाही, म्हणून विजेत्याने चावी घेण्यापूर्वी तेवढी रक्कम मंडळाकडे भरली पाहिजे. तो भरू शकत नसेल आणि मंडळानेच भरायचं ठरवलं, तर दर ३१.५८ टक्के होतो, म्हणजे सुमारे ६,३०० डॉलर, आणि तो खर्चही ९० टक्क्यांना हात न लावता करावा लागेल. विजेत्यावर ही जबाबदारी येते हे तिकिटावर ठळक छापा. चार मित्रांनी मिळून तिकीट घेतलं असेल तर कुणाचा वाटा किती हे सांगणारा ५७५४ क्रमांकाचा फॉर्म लागतो.

रॅफल आणि बिंगो मिळून वर्षाचा गल्ला १५,००० डॉलरच्या वर गेला, तर संस्थेच्या ९९० या वार्षिक केंद्रीय विवरणपत्राला ‘शेड्यूल जी’ हे परिशिष्ट जोडावं लागतं. काम जवळजवळ पूर्णपणे बिनपगारी स्वयंसेवकांनी केलं असेल तर या उत्पन्नावर सहसा व्यवसाय-कर लागत नाही, म्हणून कोण किती तास बसलं याची साधी वही ठेवा.

प्रश्न (नॅशव्हिल): आमच्या राज्यात किंवा शेजारी असा प्रस्ताव पुन्हा मतपत्रिकेवर आला, तर तो कसा वाचावा? आणि मंडळाला त्याचा उघड प्रचार करता येतो का?

उत्तर: मतपत्रिकेवरचा सारांश दोन-चार ओळींचा असतो. तेवढ्यावर मत ठरवू नका, दुरुस्तीचा पूर्ण मजकूर मिळवून वाचा.

सर्वांत आधी पात्रता कुणाला ते पाहा. तुमच्या टेनेसीचंच उदाहरण घ्या. २००२ च्या दुरुस्तीने सरकारी लॉटरीबरोबर ५०१(सी)(३) संस्थांना वर्षातून एका सोडतीच्या कार्यक्रमाची वाट उघडली, पण माजी सैनिकांच्या संघटना करकायद्यातल्या दुसऱ्या कलमाखाली, ५०१(सी)(१९) खाली येतात. त्यामुळे त्या बाहेर राहिल्या. त्यांना आत घ्यायला २०१४ च्या मतपत्रिकेवर ‘दुरुस्ती ४’ आणावी लागली. एका पोटकलमाचा उल्लेख राहिला म्हणून बारा वर्षं गेली. शिवाय टेनेसीत प्रत्येक कार्यक्रमाला विधिमंडळाची दोन-तृतीयांश मंजुरी लागते, तेव्हा अर्ज कित्येक महिने आधी जावा लागतो.

मग टक्केवारी कशावर आहे ते पाहा. दक्षिण कॅरोलिनातही ९० टक्केच आहेत, पण तिथे ते निव्वळ शिल्लकेवर मोजतात, म्हणजे बक्षिसाचा आणि छपाईचा खर्च आधी वजा होतो. फ्रीमाँटच्या वाचकांचा हिशेब तिथे बसला असता. एका शब्दाने इतका फरक पडतो.

मतदानानंतर काय व्हायचं आहे हेही वाचा. दक्षिण कॅरोलिनात नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी होकार दिला, तरी तिथल्या घटनेप्रमाणे विधिमंडळाला त्या दुरुस्तीवर पुन्हा शिक्कामोर्तब करावं लागलं आणि कायदा २०१५ मध्ये आला. त्याच नोव्हेंबरमध्ये कॅन्ससने धर्मादाय रॅफलला मान्यता दिली, पण दुरुस्तीतच यंत्रांवरच्या खेळांना आणि व्यावसायिक रॅफल-ठेकेदारांना मनाई घातली. टेक्ससमध्ये १९८९ च्या दुरुस्तीनंतर रॅफल आलं, पण रोख रक्कम बक्षीस म्हणून देता येत नाही. रोडिओ (घोडे-बैलांवर स्वारीच्या स्पर्धा) भरवणाऱ्यांच्या धर्मादाय संस्थांसाठी तिथे २०२१ साली आणखी एक प्रस्ताव न्यावा लागला.

मतमोजणीचा नियमसुद्धा सगळीकडे सारखा नसतो. कॅलिफोर्नियात प्रस्तावावर पडलेल्या मतांचं साधं बहुमत पुरतं. टेनेसीत घटनादुरुस्तीला गव्हर्नरपदासाठी पडलेल्या एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक ‘हो’ लागतात. म्हणजे गव्हर्नरला मत देऊन प्रस्तावाचा रकाना कोरा सोडणाऱ्याचं वजन ‘नाही’कडे पडतं.

प्रचाराबद्दल: ५०१(सी)(३) संस्थेला उमेदवाराचा प्रचार पूर्ण वर्ज्य आहे. मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाचा प्रचार मात्र कायदेमंडळापुढच्या पाठपुराव्यात मोजला जातो, आणि तो मर्यादेत करता येतो. ५७६८ फॉर्म भरून ५०१(एच) चा पर्याय निवडलात तर मर्यादा आकड्यात मिळते. वर्षाच्या खर्चाच्या पहिल्या ५ लाख डॉलरवर २० टक्के. ४०,००० डॉलर खर्च असलेल्या मंडळाला ८,००० पर्यंत. राज्याच्या निवडणूक-खर्चाच्या नोंदी याशिवाय लागतात. पत्रकावर प्रस्तावाबरोबर कुठल्याही उमेदवाराचं नाव किंवा छायाचित्र येऊ देऊ नका. आणि सभासदांना ‘मत द्या’ असं आवाहन करताना ‘अमेरिकेचे नागरिक असलेल्यांनी’ हे शब्द जरूर घाला. ग्रीन कार्डवरच्या माणसाने गैरसमजातून मत दिलं तर त्याचा इथला मुक्कामच धोक्यात येतो.

प्रश्न (पुणे): आमच्या मंडळाच्या लकी ड्रॉच्या कुपनांना हे लागू आहे का? आपल्याकडे असं मतदान होतं का?

उत्तर: नाही. भारतात असा प्रस्ताव मतदारांपुढे जात नाही. केंद्र आणि राज्य सरकारांच्या लॉटऱ्या हा केंद्रसूचीतला विषय आहे आणि बाकी जुगार राज्यसूचीतला. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा लागू आहे. त्याशिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार राज्य सरकारची नसलेली किंवा राज्य सरकारने परवानगी न दिलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणं हा गुन्हा आहे. ‘दहा रुपयांचं कुपन, बक्षीस स्कूटर’ हा प्रकार वर्षानुवर्षं चालत आला म्हणून कायदेशीर ठरत नाही. छपाईआधी वकिलाला विचारा.

प्रश्न (प्लेझंटन): नोंदणीची मुदत हुकली आहे आणि कार्यक्रम तीन आठवड्यांवर आहे. बक्षिसं गोळा झाली आहेत. आता काय?

उत्तर: पैसे मागू नका, म्हणजे सोडत करता येईल. कलम ३२०.५ मधून ज्या सोडती वगळल्या आहेत त्यांच्या तीन अटी आहेत. तिकिटं सर्वांना सरसकट वाटली पाहिजेत. देणगी देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला ती सारख्याच अटींवर मिळाली पाहिजेत. आणि बक्षिसाच्या संधीसाठी कुणालाही पैसे द्यावे लागता कामा नयेत. दारातच प्रत्येकाच्या हाती एक तिकीट द्या. शेजारी देणगीपेटी ठेवा आणि तिच्यावर लिहा: ‘देणगी ऐच्छिक, तिकीट सर्वांना विनामूल्य’. देणगी दिली तर दोन तिकिटं, न दिली तर एक, असं केलंत की तुम्ही सवलतीबाहेर गेलात. टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकांना हे आधी नीट समजावून सांगा, कारण ‘एवढं तरी द्या हो’ असा लाडिक आग्रहसुद्धा ऐच्छिकपणाला बाधा आणतो. प्रवेशाला तिकीट असेल तर लकी ड्रॉचं टेबल प्रवेशद्वाराच्या बाहेर मांडा, म्हणजे आत न येणाऱ्यालाही तिकीट घेता येईल.